उजवा हात, डावा हात आणि कंपनीचा हात

रविवारच्या मिस्सेत अर्पणविधीच्या वेळी दानाची थैली बाकांमधून फिरू लागली की वेदीवरून तिच्याकडे पाहू नये, असा एक अलिखित संकेत आम्हां धर्मगुरूंमध्ये आहे. गुरुविद्यालयात तो कोणी शिकवत नाही, पण पाळतात सगळे. तरीही थैलीच्या आवाजात पडलेला फरक कानांना जाणवल्यावाचून राहत नाही. पूर्वी नाण्यांचा खुळखुळाट असे. पुढे नोटांची हलकी सळसळ आली. आणि अलीकडे कित्येक तरुण ती थैली तशीच शेजाऱ्याच्या हाती देताना दिसतात. नव्या पिढीने हात आखडता घेतला, असा निष्कर्ष आमचे काही ज्येष्ठ लगेच काढतात. वस्तुस्थिती तशी नाही. या तरुणांपैकी अनेकांचे दान पगार हाती पडण्यापूर्वीच कापून गेलेले असते. आणि नुसते गेलेले नसते, तर दुप्पट होऊन गेलेले असते.

हे दुप्पट होणे काय आहे ते आमच्या वडीलधाऱ्या वाचकांसाठी थोडे उलगडून सांगतो. पवई, गोरेगाव, ऐरोली येथील मोठ्या कंपन्यांत काम करणारी आपली मुले त्याला ‘मॅचिंग’ म्हणतात. मराठीत आपण ‘जोडदान’ म्हणू. कर्मचारी कंपनीने मान्य केलेल्या यादीतील एखादी सेवाभावी संस्था निवडतो आणि दरमहा आपल्या पगारातून, समजा, पाचशे रुपये तिला द्यावेत असे कळवतो. कंपनी आपल्या तिजोरीतून आणखी पाचशे घालते. संस्थेला हजार मिळतात. वर्षाला अमुक रकमेपर्यंतच भर घालू, अशी मर्यादा बहुधा असते. कुठे भर निम्मीच असते, क्वचित कुठे दुप्पटही.

या प्रथेचा उगम अमेरिकेत सापडतो. १९५४ साली जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या प्रतिष्ठानाने असे जाहीर केले, की आमचा कर्मचारी ज्या महाविद्यालयात शिकला त्याला त्याने देणगी दिली, तर तेवढीच आम्हीही देऊ. म्हणजे प्रारंभी ही एक प्रकारची गुरुदक्षिणाच होती. शिष्याच्या दक्षिणेत त्याच्या धन्याने भर घातली, एवढेच. पुढे महाविद्यालयांबरोबर रुग्णालये, अनाथालये, आपद्ग्रस्तांचे निधी असे क्षेत्र वाढत गेले. मायक्रोसॉफ्टने १९८३ मध्ये, तर ॲपलने २०११ मध्ये हा मार्ग धरला. ब्रिटनमध्ये १९८७ पासून करआकारणीच्या आधीच पगारातून दान कापून घेण्याची सोय कायद्याने झाली. आपल्याकडे विप्रोच्या ‘विप्रो केअर्स’ या न्यासात कर्मचाऱ्यांच्या वर्गणीइतकी भर कंपनी घालते. २००९ पासून गांधीजयंतीच्या आठवड्यात जो दानाचा उत्सव देशभर साजरा होतो, त्यामुळेही अनेक कचेऱ्यांत ही कल्पना रुजली. सरकारी नोकरांना आपत्तीनंतर एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री निधीला देण्याची सवय होतीच. परंतु तेथे साहेबाच्या परिपत्रकापुढे स्वेच्छा कितपत उरते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

एकाच्या दानाने दुसऱ्याच्या दानाला चेतवण्याची युक्ती मात्र अमेरिकन नव्हे. यरुशलेमच्या गरीब बंधुजनांसाठी वर्गणी गोळा करताना संत पौलाने करिंथकरांना जे लिहिले, ते दुसऱ्या पत्राच्या आठव्या आणि नवव्या अध्यायांत जरूर वाचावे. मासेदोनियातील मंडळी स्वतः दारिद्र्यात असून त्यांनी किती सढळ हाताने दिले, हे तो करिंथकरांना मुद्दाम ऐकवतो. मी आज्ञा करीत नाही, हेही लगेच स्पष्ट करतो. आणि जमलेला पैसा नेण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे सोबत घेतो, जेणेकरून कोणी बोट दाखवू नये. मी अनेकदा मनाशी म्हणतो, आजच्या हिशेबतपासनिसाला संत पौल आवडला असता.

आपल्या लग्नातल्या आहेराच्या वहीची येथे कोणाला आठवण होईल. तिकडून पाचशे आले, म्हणून इकडून पाचशे. पण आहेराची रक्कम देणाऱ्याकडेच परतते. जोडदानाची रक्कम तिसऱ्याकडे जाते. देणारे दोघे तिला पुन्हा पाहत नाहीत. मला या प्रथेविषयी आदर वाटतो तो या कारणाने.

आता थोडे व्यवहाराचे. भर घालण्याच्या आमिषाने माणसे खरोखरच अधिक देतात काय? डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी एका संस्थेच्या पन्नास हजारांहून अधिक जुन्या देणगीदारांना पत्रे पाठवून हे तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भर घालण्याचे आश्वासन असलेल्या पत्रांमुळे देणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांनी आणि पत्रामागे मिळणारी रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. गंमत पुढेच आहे. रुपयामागे एक रुपया भर, दोन रुपये भर, तीन रुपये भर अशी वेगवेगळी आश्वासने दिली होती. पण दोन आणि तीन रुपयांच्या आश्वासनाने एका रुपयापेक्षा काही अधिक साधले नाही. नफ्याचा हिशेब करून माणूस देत असता, तर तीन रुपयांच्या आमिषाला तो अधिक भुलला असता. मला वाटते, आपल्याबरोबर आणखी कोणीतरी खांदा देतो आहे एवढे कळणेच त्याला पुरते. ओझे जड असले की ‘जरा हात लाव रे’ एवढेच आपण म्हणतो. किती किलो उचलशील, असे विचारत नाही.

दुसरी बाजू कायद्याची. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार, पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एकही कसोटी ओलांडणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे १ एप्रिल २०१४ पासून बंधनकारक आहे. तेव्हा कंपनी जर आपल्या भरीचा पैसा याच खात्यातून काढत असेल, तर तो तिला एरवीही कुठेतरी खर्च करावाच लागला असता. आपल्या मुलाने पाचशे दिले म्हणून जगातल्या दानात नवे पाचशे पडले, असे या बाबतीत म्हणता येणार नाही. हे सांगितले की तरुण मंडळी हिरमुसतात. पण हिरमुसण्याचे कारण नाही. तोच पैसा संचालकांच्या पसंतीने एखाद्या मोठ्या, फलक लावता येईल अशा प्रकल्पाकडे गेला असता. तो आता आपल्या मुलाला ठाऊक असलेल्या एका वस्तीकडे वळला. जोडदानाचे खरे बळ दुप्पट होण्यापेक्षा या वळण्यात आहे. ज्याने ते दार पाहिले आहे तो दाराचा पत्ता सांगतो आणि कंपनीचा हात तिकडे वळतो. मात्र त्यासाठी त्याने ते दार पाहिलेले असायला हवे.

आमच्या धर्मग्रामात संत विन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा आहे. फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांसह १८३३ मध्ये पॅरिस येथे ही संस्था स्थापली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये पॅरिसमध्येच त्याला धन्य घोषित केले. या संस्थेचा कणा म्हणजे घरभेट. पैसे पाठवायचे नाहीत, घेऊन जायचे. उंबऱ्याच्या आत बसायचे. आमची शाखा काही वर्षांपासून मूत्रपिंडाच्या रुग्णांना मदत करते. सरकारी योजनेतून डायलिसिसचा मुख्य खर्च निघाला, तरी आठवड्यातून दोन-तीनदा जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे, बाहेरून आणावी लागणारी इंजेक्शने आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी यांना कोणी वाली नसतो.

आमच्या गायनवृंदातील एक मुलगी अंधेरीतील एका मोठ्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी ती अर्ज घेऊन आली. “फादर, आमच्या मजल्यावरचे अकरा जण तयार आहेत. कंपनी तेवढेच घालील. फक्त आपले नाव यादीत यायला हवे.”

धर्मग्रामाचे नाव यादीत येणे शक्य नव्हते. प्रार्थनास्थळांना अशा योजनांतून बहुधा वगळलेले असते. धार्मिक संस्थेचे समाजकार्य चालते, पण ते जातिधर्म न पाहता सर्वांसाठी असले पाहिजे. आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये यावर थोडी कुरकुर झाली. मुले आपली, पैसा त्यांचा, आणि चर्चच्या गळक्या छपराला त्यातून एक कौल नाही? मला ही अट अतिशय रास्त वाटते. छप्पर आपले आहे. त्याचे पैसे आपल्याच खिशातून यावेत. आणि वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाचा धर्म त्या शोमरोन्यानेही विचारला नव्हता. आमच्या यादीतील रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक ख्रिस्ती नाहीत, त्यामुळे त्या बाबतीत काही नव्याने करावे लागले नाही. धर्मप्रांताच्या समाजसेवा न्यासाची सर्व नोंदणी होती. त्याच्यामार्फत काम मार्गी लागले. न्यासाच्या खजिनदारांनी एकच प्रश्न तीनतीनदा विचारला: कंपनीची भर देशातील खात्यातून येणार की परदेशातील? परदेशी पैसा असेल, तर त्यासाठी वेगळी परवानगी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खाते लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेने दुसरीकडे वळवणेही बंद झाले आहे. आपल्या अनेक धर्मग्रामांना हे ठाऊक नसते, म्हणून नोंदवून ठेवतो. असो. पैसा देशातलाच निघाला.

तीन तिमाह्या सुरळीत गेल्या. चौथ्या तिमाहीला नवा नमुना आला. खर्चाच्या पावत्यांबरोबर लाभार्थ्याचे मदत स्वीकारतानाचे छायाचित्र हवे, शक्य तर चेहऱ्यावर हसू असलेले. ते कंपनीच्या अंतर्गत पत्रिकेत आणि उद्वाहनाशेजारच्या पडद्यावर दाखवायचे होते. त्याच पडद्यावर कोणत्या मजल्याने किती दान दिले याचा तक्ताही झळकत असे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने दान करताना पुढे कर्णा वाजवणाऱ्यांविषयी जे सांगितले, ते वाचताना आता मला तो पडदा आठवतो.

आमच्या रुग्णांपैकी एक गृहस्थ रिक्षाचालक होते. रिक्षा विकली गेली. मुलगा बारावीत. छायाचित्राचे मी त्यांच्या कानी घालणार नव्हतो, पण आमच्या एका सभासदाच्या तोंडून ते गेलेच. घरभेटीला गेलो तेव्हा ते स्वतःच म्हणाले, “फादर, काढा फोटो. माझी काही हरकत नाही. इंजेक्शन थांबायला नको.” आणि बायकोला म्हणाले, “तो निळा शर्ट दे गं.”

मला त्या निळ्या शर्टाने निरुत्तर केले. कागदोपत्री ही संमतीच होती. सही मागितली असती, तर सहीही मिळाली असती. परंतु जो नाही म्हणूच शकत नाही त्याच्या होकाराला संमती म्हणावे काय? नकार दिल्यास औषध थांबेल, या भीतीतून आलेला तो होकार होता. आणि ज्या मुलाने दुसऱ्या दिवशी वर्गात जायचे होते, त्याला कोणी विचारलेही नव्हते. मी छायाचित्र काढू दिले नाही. कंपनीला लिहिले की पावत्या देऊ, रुग्णालयाचे पत्र देऊ, तुमचा कोणी अधिकारी आला तर त्याला घेऊन घरी जाऊ. चेहरा देणार नाही.

उत्तर येण्यास वेळ लागला आणि त्या तिमाहीची भर हातची गेली. रक्कम एकतीस हजारांच्या घरात होती. आमच्या शाखेला एकतीस हजार म्हणजे थोडेथोडके नव्हेत. बैठकीत मला स्पष्ट सुनावण्यात आले. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्या सेवाभावाविषयी मला तिळमात्र शंका नाही, ते म्हणाले, “फादर, अभिमान आपला आणि उपास त्यांचा, असे होऊ नये.” वाक्य झोंबले, कारण त्यात तथ्य होते. गरिबाच्या प्रतिष्ठेची किंमत गरिबालाच मोजायला लावणे सोपे असते. म्हणून त्याच बैठकीत ठरले की ती तूट आपण भरायची. कोणी उपवासकाळातील बचत आणली. एका भगिनीने मुलीच्या साखरपुड्याचे जेवण साधे केले. सव्वा महिन्यात एकतीस हजार उभे राहिले. इंजेक्शन एकही चुकले नाही.

इकडे ती मुलगी कंपनीत भांडत होती. मोठ्या साहेबांपुढे तिने काय युक्तिवाद केला, ते तिच्याच शब्दांत सांगायचे तर असे: “सर, तुमच्या वैद्यकीय विम्याचा क्लेम करताना तुम्ही फोटो देता का?” पुढील तिमाहीपासून छायाचित्राची अट ‘ऐच्छिक’ झाली. ऐच्छिक या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. तरी पावत्या आणि रुग्णालयाचे पत्र आता चालते.

हिशेब मागण्याला माझा विरोध नाही, हे येथे सांगितले पाहिजे. चर्चच्या पैशाचा हिशेब मागितला की आपल्यापैकी काहींना तो श्रद्धेवरचा घाला वाटतो. तसे मुळीच नाही. या योजनेमुळे आमच्या शाखेच्या वह्या प्रथमच महिन्याच्या महिन्याला लिहिल्या जाऊ लागल्या, आणि त्याचे श्रेय कंपनीच्या कटकटीला आहे. पावती मागा, जरूर मागा. कृतज्ञतेची पावती तेवढी मागू नका.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. त्या कार्यालयात साफसफाई करणाऱ्या बायका कंत्राटदाराकडच्या आहेत. योजनेचे भित्तिपत्रक त्या रोज पुसत. एकीने विचारले, “ताई, आम्ही पण घालू का?” दहा-वीसच्या नोटा जमवून त्यांनी तीनशे चाळीस रुपये केले. पण योजनेत नाव घालण्यासाठी कर्मचारी क्रमांक लागतो. कागदावर त्यांचा मालक कंत्राटदार. त्यांच्या दानाला कंपनीची भर नाही, किंबहुना त्यांचे दान घेण्याची सोयच नाही. ती मुलगी ते पाकीट घेऊन माझ्याकडे आली तेव्हा रागाने लाल झाली होती. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मी तिला सांगायला लागलो, तशी ती म्हणाली, “फादर, ती गोष्ट मला माहीत आहे. पण त्या विधवेला पगार किती मिळत होता?”

सेमिनरीतल्या माझ्या कोणत्याही प्राध्यापकाने मला इतका नेमका प्रश्न विचारला नसेल. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला. १९३७ मध्ये पोप पायस अकरावे यांनी आणखी स्पष्ट केले की न्यायाने जे कामगाराचे आहे ते त्याला भिक्षा म्हणून देऊ नये. दानधर्म हा अन्यायावरचा पडदा होऊ शकत नाही. जी कंपनी अकरा जणांच्या दानात उदारपणे भर घालते, तिच्याच जिन्यावर फरशी पुसणाऱ्या बाईला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा नियमाप्रमाणे मिळते काय, हे विचारणे दानाच्या विरोधात जात नाही. ते दानाच्या आधी येते. मी त्या मुलीला एवढेच म्हटले, की हा प्रश्न माझ्यापुढे नको, तिथेच विचार. तिने विचारला. “तो कंत्राटदाराचा विषय आहे,” असे उत्तर मिळाले. तिने पुन्हा विचारला आहे. ती विचारत राहील, असे तिच्या स्वभावावरून वाटते.

पोप लिओ चौदावे यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये गरिबांवरील प्रीतीविषयी जे प्रबोधनपत्र प्रसिद्ध केले, त्याच्या अखेरीस भिक्षादानाचा विषय आहे. गरजू माणसाला चांगले काम मिळवून देणे हे अधिक मोलाचे, असे ते आधी मान्य करतात. मग म्हणतात की तरीही भिक्षादान कालबाह्य झालेले नाही, कारण त्यामुळे निदान गरिबापुढे क्षणभर थांबण्याची, त्याच्या डोळ्यांत पाहण्याची संधी आपल्याला मिळते. पगारातून परस्पर कापून जाणाऱ्या दानात नेमका हाच क्षण हरवतो. डाव्या हाताला कळू नये हे ठीक. पण येथे उजव्या हातालाही काही कळत नाही. बटण एकदा दाबले की वर्षभर दान होत राहते, आणि आपण कोणाला देतो हे मार्चमध्ये कराचे कागद काढताना आठवते.

म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही एक रीत पाडली आहे. जोडदानात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून दोनदा आमच्या सभासदांबरोबर घरभेटीला यावे. अट नव्हे, विनंती. अकरापैकी सात जण आले. त्यांतले चौघे अन्य धर्मीय आहेत. एका तरुणाने त्या रिक्षाचालक गृहस्थांच्या मुलाला गणित शिकवायला घेतले आणि त्यासाठी तो दर शनिवारी बोरिवलीहून येतो. कंपनीच्या योजनेत या तासांची नोंद होते काय, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “होते बहुतेक, फादर. मी अजून भरली नाही.”

त्या बायकांचे तीनशे चाळीस रुपये शाखेच्या वहीत स्वतंत्र ओळीवर जमा आहेत. त्यातून दोघा रुग्णांचे एका दिवसाचे रिक्षाभाडे दिले गेले आणि तशी पावती त्यांना पोहोचती केली. पुढच्या तिमाहीचा नमुना कालच आला आहे. पैशाची सध्या अडचण नाही. शनिवारच्या घरभेटींसाठी मात्र अजून दोन-तीन माणसे हवी आहेत. सकाळच्या मिस्सेनंतर सभासद ओटीवर बसलेले असतात.